दुसरा पियानो कशासाठी? अनेक पियानोंसाठी पहिली रचना लिहिताना

पियानो हे एकट्याने सगळं करू शकणारं वाद्य आहे. ८८ पट्ट्या, सात सप्तकांहून थोडा जास्त पल्ला, दहा बोटं, आणि पेडल दाबलं की मागचे सूर धरून ठेवायची सोय. धून, साथ, खर्ज, ताल, सगळं एका बाकावर बसून होतं. म्हणूनच दोन, चार किंवा सहा पियानोंसाठी लिहायला बसलं की सुरुवातीलाच गल्लत होते. एका पियानोत एवढं मावतं, तर दोघांत दुप्पट मावेल असं वाटतं. मावतं खरं, पण ऐकू येत नाही.

माझी दोन पियानोंसाठीची पहिली रचना अशीच भरगच्च होती. दोन्ही वादकांनी ती मन लावून बसवली. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभा राहून ऐकत होतो, आणि मला एकच पियानो ऐकू येत होता, जाड आणि गढूळ. डोळे मिटले की कोण काय वाजवतंय हे लिहिणाऱ्या मलाच सांगता येईना. व्हायोलिन आणि बासरी एकत्र वाजली तर कान त्यांना आपोआप वेगळं करतो, कारण दोघांच्या आवाजाचा पोत वेगळा. दोन पियानोंचा पोत एकच. तिथे वेगळेपणा आयता मिळत नाही, तो लिहावा लागतो. पुढे जे सांगणार आहे ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

तुम्हाला पाश्चात्य स्वरलेखन थोडंफार वाचता येतं आणि पियानोवर तुम्ही कामापुरता हात चालवू शकता, एवढं गृहीत धरलं आहे. उत्तम पियानोवादक असण्याची गरज नाही.

आधी एक वाक्य लिहा

स्वर लिहिण्याआधी वहीत एक वाक्य पूर्ण करा: ‘दुसरा पियानो आहे, कारण…’ ते पूर्ण होत नसेल तर रचना एका पियानोसाठी लिहा, ती चांगलीच होईल. वाक्य पूर्ण झालं तर अर्धं काम झालं, कारण पुढचे सगळे निर्णय त्यातून निघतात. मोठ्या रचनाकारांनी हे वाक्य कसं पूर्ण केलं ते पाहू.

एक उत्तर आहे कामाच्या वाटणीचं. १९४३ साली, जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये, ऑलिव्हिए मेसियाँने ‘व्हिजिओं द लामेन’ ही दोन पियानोंची रचना लिहिली. वाजवणार होते तो स्वतः आणि त्याची विद्यार्थिनी इव्होन लोरियो. मेसियाँने दोघांच्या हाताचा स्वभाव पाहून वाटणी केली. पहिला पियानो लोरियोचा: लयीची अवघड कोडी, कॉर्डचे घोस, वेग, झळाळी. दुसरा पियानो त्याचा: मुख्य धून, भाव आणि ताकद. ऐकताना कोण कोणता पियानो वाजवतंय याची शंका सहसा येत नाही. नवोदितांसाठी मला हा सगळ्यात उपयोगी धडा वाटतो. ‘पियानो एक’ आणि ‘पियानो दोन’ अशी कोरडी नावं ठेवण्याऐवजी दोघांना स्वभाव द्या. कच्च्या वहीत तर मी त्यांना सरळ ‘बोलका’ आणि ‘हट्टी’ अशी नावं देतो, आणि वाटणी लगेच सुचू लागते.

दुसरं उत्तर वेळेचं. दोघे तंतोतंत तेच वाजवतात, फक्त एकत्र वाजवत नाहीत. स्टीव्ह राइशचं १९६७ सालचं ‘पियानो फेज’ या एका कल्पनेवर उभं आहे. त्याकडे पुढे सावकाश येऊ.

तिसरं उत्तर मोकळ्या वेळेचं. मॉर्टन फेल्डमनच्या १९५७ सालच्या ‘पीस फॉर फोर पियानोज’मध्ये चारही वादकांसमोर एकच पान असतं. सुरुवात एकत्र होते, मग प्रत्येक जण पुढच्या कॉर्डकडे आपापल्या चालीने जातो. एकच गोष्ट चार वेगवेगळ्या अंतरांवरून कानावर येते, जणू एका आवाजाचे चार पडसाद. त्याच वर्षी जॉन केजने ‘विंटर म्यूझिक’ लिहिलं: वीस पानं, आणि वादक एकापासून वीसपर्यंत कितीही.

चौथं उत्तर सुरांचं. चार्ल्स आइव्ह्जने १९२३-२४ च्या सुमारास दोन पियानोंसाठी तीन तुकडे लिहिले. त्यात दोन पियानो एकमेकांपासून पाव स्वराच्या, म्हणजे अर्ध्या सेमिटोनच्या अंतरावर लावायचे असतात. एका सप्तकात २४ सूर झाले. गेओर्ग फ्रीड्रिश हासने २०१० साली सहा पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठी लिहिताना हे आणखी पुढे नेलं. त्याचे सहा पियानो एका सेमिटोनच्या सहाव्या भागाइतके एकमेकांपासून सरकवलेले आहेत. एका सप्तकात ७२ सूर! श्रुतींच्या देशातल्या कानाला हे वाचूनच हुरूप येतो, पण पहिल्या रचनेसाठी हा रस्ता घेऊ नका. पियानो मुद्दाम वेगळा लावायला ट्यूनर, पैसा आणि वेळ तिन्ही लागतात, आणि नंतर तो परत मूळ सुरावर आणावा लागतो.

पाचवं उत्तर वजनाचं. इगोर स्त्राविन्स्कीला ‘ले नोस’ या रशियन लग्नविधीवरच्या नृत्यरचनेसाठी योग्य वाद्यमेळ सापडायला अनेक वर्षं लागली. आधी मोठा ऑर्केस्ट्रा योजला, मग यांत्रिक पियानो, हार्मोनियम आणि सिंबालोम (संतूरसारखं, काठ्यांनी वाजवायचं तारवाद्य) वापरून पाहिले. शेवटी १९२३ साली चार पियानो आणि तालवाद्यं एवढ्यावर तो थांबला. तिथे पियानो हे गायकांच्या मागे वाजणारं एक प्रचंड तालवाद्य आहे. जूलियस ईस्टमनच्या १९७९ च्या ‘गे गुरिला’मध्ये हेच वजन वेगळ्या तऱ्हेने येतं. एकच सूर अनेक पियानोंवर घुमत राहतो, थरावर थर चढतो, आणि त्यातून मार्टिन लूथरचं जुनं स्तोत्र वर येतं.

या पाचांपैकी एकच निवडा. एका रचनेत तीन कल्पना कोंबल्या की एकही नीट फुलत नाही.

ठोक्याचं वाद्य

पियानोचा सूर हातोडीच्या ठोक्याने जन्मतो आणि त्या क्षणापासून विरू लागतो. एकदा ठोका पडला की वादक त्याचा आवाज वाढवू शकत नाही. याचे दोन परिणाम होतात.

पहिला असा, की दोन पियानोंवर तोच कॉर्ड एकाच वेळी मागणं ही फार महाग मागणी आहे. व्हायोलिनचे सूर हळुवार उगवतात, तिथे थोडं मागेपुढे झालेलं खपतं. पियानोचा ठोका टोकदार असल्यामुळे बारीकसा फरकही ‘टटक्’ असा दुहेरी ऐकू येतो. वेगवान धून दोघांना एकसाथ देऊ नका. द्यायचीच असेल तर ती दोघांत फोडून द्या: एकाने सुरू केलेलं वाक्य दुसऱ्याने पूर्ण करायचं. वादकांना यात मजा येते, आणि प्रेक्षकांना आवाज मंचावर इकडून तिकडे जाताना दिसतो.

दुसरा परिणाम चांगला आहे. एकाचा सूर विरत असताना दुसरा त्याच सुराला पुन्हा हळूच जागं करू शकतो. एकट्या पियानोला जे जमत नाही, म्हणजे फुगत जाणारा लांब सूर, ते दोन पियानो आळीपाळीने ठोके देऊन जवळपास साधतात. करून पाहा: मधल्या सप्तकातला एकच सूर घ्या, दोघांनी पेडल धरून आलटून पालटून वाजवा, हळू ते मोठं. पाच मिनिटांत पुरेसं शिकाल.

बारा स्वरांचा सराव

आता ‘पियानो फेज’कडे. राइशने आधी १९६५ आणि १९६६ साली टेपवर प्रयोग केले होते. दोन टेप रेकॉर्डरांवर तेच बोलणं लावलं की यंत्रांच्या वेगातल्या किंचित फरकामुळे ती एकमेकांपासून हळूहळू सरकत जायची. माणसांना हे हाताने जमेल का, हा पुढचा प्रश्न होता. त्याच्याकडे दोन पियानो नव्हते तेव्हा तो स्वतः वाजवलेल्या टेपबरोबर सराव करत असे.

पहिल्या भागातला आकृतिबंध असा आहे: ई, एफ शार्प, बी, सी शार्प, डी, एफ शार्प, ई, सी शार्प, बी, एफ शार्प, डी, सी शार्प. बारा स्वर, पण सूर फक्त पाच. आता हात वेगळे करून पाहा. डावा हात एक सोडून एक वाजवतो: ई, बी, डी, ई, बी, डी. उजव्याच्या वाट्याला येतात: एफ शार्प, सी शार्प, एफ शार्प, सी शार्प, एफ शार्प, सी शार्प. म्हणजे डाव्यात तिनाचं चक्र आणि उजव्यात दोनाचं. एकाच वादकाच्या दोन हातांत तीनास दोन आधीच चालू आहे. दुसरा वादक अजून आलेलाही नाही.

मग दुसरा येतो, त्याच आकृतिबंधात मिसळतो, आणि किंचित वेग वाढवतो. काही क्षण गोंधळ होतो, आणि मग तो बरोबर एक स्वर पुढे जाऊन स्थिरावतो. पहिला जागचा हलत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर दोघांचं आवर्तन तेच, पण दुसऱ्याची सम एक मात्रा आधी येते. मग दोन मात्रा, तीन मात्रा, करत करत बाराव्या वेळी दोघे पुन्हा एकत्र.

इथे कागद-पेन्सिल घ्या. आकृतिबंध एका ओळीत लिहा आणि त्याखाली तोच सहा स्वर सरकवून लिहा. डाव्या हाताचे सूर एकमेकांखाली तंतोतंत तेच आले, ईखाली ई, बीखाली बी. आणि उजव्या हाताचे? एफ शार्पखाली सी शार्प, सी शार्पखाली एफ शार्प, दर वेळी पंचमाचं अंतर. बरोबर मध्यावर, जिथे दोघे एकमेकांपासून सर्वांत दूर असायला हवेत, तिथे अर्धं संगीत एकरूप झालं आहे. हे मी पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा कितीतरी वेळ नुसतं त्या दोन ओळींकडे बघत बसलो होतो. दुसरा पियानो कशासाठी, याचं उत्तर इथे डोळ्यांना दिसतं.

तुमचा सराव असा करा. डाव्या हातासाठी तीन सूर निवडा, उजव्यासाठी दोन, त्यांना एकाआड एक विणा. बारा स्वरांचा आकृतिबंध तयार होईल. अकराही सरकवण्या लिहून काढा आणि प्रत्येक ठिकाणी एकत्र येणारे सूर पाहा. कुठे कर्कश आहे, कुठे मोकळं आहे, त्यावर खूण करा. एखादी सरकवणी कानाला रुचली नाही तर पाचांतला एकच सूर बदला आणि पुन्हा पाहा. मग डाव्यात चार आणि उजव्यात तीन सूर घेऊन चोवीस स्वरांचं करून पाहा. मात्र हळूहळू वेग वाढवत सरकणं नवख्या वादकांना फार जड जातं. पहिल्या रचनेत सरळ उडी मारा: चार आवर्तनं झाली की दुसरा वादक एक स्वर पुढून सुरू करेल, असं लिहा.

वादक जास्त असतील तर राइशनेच पुढे वापरलेली युक्ती पाहा. १९७३ च्या ‘सिक्स पियानोज’ची कल्पना पियानोच्या दुकानातले सगळे पियानो वापरण्यापासून सुरू झाली. दुकानात भरपूर पियानो असले तरी रचना शेवटी सहांवर स्थिरावली. त्यात सरकणं जवळपास नाही. एक वादक आठ मात्रांचा आकृतिबंध वाजवत असतो. दुसरा तोच आकृतिबंध सरकवलेल्या जागी उभारतो, पण एकेक स्वर भरत: आधी बरीचशी शांतता आणि एखादा स्वर, मग दोन, मग तीन. उरलेले वादक या गुंफणीतून आपोआप ऐकू येणाऱ्या छोट्या धुना उचलतात, हळूच मोठ्या करतात आणि परत विरघळवतात. शांततेच्या जागी स्वर भरत जाणं नवोदितालाही सहज लिहिता येतं आणि हमखास काम करतं.

खर्ज आणि पेडल

खालच्या दोन सप्तकांत एका वेळी एकाच पियानोला राहू द्या, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. खर्जातल्या तारा लांब, जाड आणि स्वरांशांनी, म्हणजे मूळ सुराबरोबर घुमणाऱ्या वरच्या बारीक सुरांनी, भरलेल्या असतात. तिथे जवळजवळचे सूर आले की घरघर होते, आणि तीच घरघर दोन पियानोंवर आली की वरचं सगळं बुडतं. खाली अष्टक (तोच सूर, एक सप्तक अंतरावर) किंवा पंचम, वर गेल्यावर मग हवी तेवढी दाटी.

पेडल स्पष्ट लिहा. चार वादक आपापल्या सवयीने पेडल दाबणार असतील तर तुमचा स्कोअर वाया गेला. एक सोपी आणि सुंदर कल्पना: एका पियानोचं पेडल सतत दाबलेलं, दुसऱ्याचं पूर्ण सोडलेलं. कोरडा आवाज पुढे दिसतो, ओला मागे. आणखी एक: एका पियानोवर काहीच वाजवायचं नाही, फक्त पेडल दाबून ठेवायचं, आणि झाकण उघडं. शेजारच्या पियानोच्या आवाजाने त्याच्या तारा आपोआप झंकारतात, तरफांसारख्या. जवळ बसलेल्यांना हे स्वच्छ ऐकू येतं.

कोण कुठे बसणार

दोन ग्रँड, म्हणजे आडव्या तारांचे मोठे पियानो, असतील तर ठरलेली मांडणी आहे. दोन्हींची वळणं एकमेकांत बसवतात, वादक समोरासमोर येतात. एका पियानोचं झाकण प्रेक्षकांकडे उघडतं. दुसऱ्याचं उलट दिशेला उघडलं असतं, म्हणून ते काढूनच ठेवतात. वादकांना एकमेकांचे डोळे दिसतात, आणि श्वास घेऊन मान हलवली की सुरुवात होते. पण हात दिसत नाहीत. बाजूबाजूला, एकाच दिशेने तोंड करून बसवलं तर हात दिसतात, डोळे दिसत नाहीत. तुमच्या रचनेला काय हवंय ते ठरवा आणि मांडणीची छोटी आकृती स्कोअरच्या सुरुवातीला काढा. बार्तोकने १९३७ च्या दोन पियानो आणि तालवाद्यांच्या सोनाटासाठी मांडणी अशीच नेमून दिली आहे.

अंतराचा हिशेब कराच. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. चार पियानो सभागृहाच्या चार कोपऱ्यांत ठेवायची कल्पना मोहक आहे, पण दहा मीटर अंतर म्हणजे जवळपास ३० मिलिसेकंदांचा उशीर. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत ठोक्याचा चौथा भाग १२५ मिलिसेकंदांचा असतो. म्हणजे उशीर त्याच्या चौथाईएवढा होतो, आणि नेमकी गुंफण साफ विस्कटते. दूर बसवायचं असेल तर फेल्डमनसारखं मोकळं लिहा. गुंफण हवी असेल तर जवळ बसवा.

स्कोअर

प्रत्येक पियानोला दोन स्टाफ, म्हणजे चार पियानोंना आठ. दोन पियानो असतील तर दोघांनाही पूर्ण स्कोअर द्या. समोरचा काय वाजवतोय हे दिसणं वादकाला फार धीर देतं. चारांच्या पुढे पानं उलटणं अशक्य होतं, तेव्हा आपापला भाग आणि त्यावर बारीक अक्षरांत इतरांच्या खुणा. पान उलटण्याच्या जागी एका हाताला विश्रांती आहे ना, हे प्रत्येक पानावर तपासा. तालमीसाठी अक्षरांच्या खुणा भरपूर घाला.

बार हवेतच असं नाही. ईस्टमनच्या त्या काळच्या हस्तलिखितांत बदलांच्या जागी मिनिटं आणि सेकंदं लिहिलेली आहेत, आणि वादकांसमोर घड्याळ असलं की झालं. डच रचनाकार सिमियोन तेन होल्तच्या ‘कांतो ओस्तिनातो’त १०६ छोटे विभाग आहेत, आणि बहुतेक विभाग किती वेळा वाजवायचे ते वादकच ठरवतात.

लिहायला म्यूजस्कोर हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. पण त्याच्या ऐकवण्यावर विसंबू नका. संगणकात सगळे पियानो एका मिलिसेकंदाचाही फरक न करता वाजतात. मिक्सरमध्ये एक पियानो पूर्ण डावीकडे आणि एक उजवीकडे टाकून हेडफोनवर ऐका, आणि मग दोन्ही मध्यभागी आणून पुन्हा ऐका. मध्यभागी आणल्यावरही दोघे वेगळे कळत असतील तर वाटणी जमली.

पियानो मिळवणं

मुंबई, पुणे, पणजीत एका मंचावर दोन चांगले ग्रँड मिळवतानाच दमछाक होते, चार तर सोडाच. मोठा कॉन्सर्ट ग्रँड पावणेतीन मीटर लांब आणि पाचशे किलोच्या आसपास असतो, हलवण्याचा खर्च तुमच्या रचनेहून मोठा होऊ शकतो. म्हणून जे आहे त्यासाठी लिहा. एक ग्रँड आणि एक अपराइट (भिंतीला लावायचा उभा पियानो) असलेल्या संगीतशाळा बऱ्याच आहेत, आणि दोघांचा आवाज वेगळा असणं ही तर तुमच्या हातात आलेली भेट आहे. डिजिटल पियानोही चालतात. फक्त प्रत्येकाला स्वतःचा स्पीकर द्या आणि तो वादकाजवळच ठेवा. सगळ्यांचा आवाज एकाच जोडीतून काढला की चार पियानोंचा पुन्हा एक होतो.

खरे पियानो असतील तर ट्यूनिंगसाठी पैसे आधी बाजूला काढा. पावसाळ्यात साउंडबोर्डचं, म्हणजे तारांचा आवाज मोठा करणाऱ्या फळीचं, लाकूड ओलावा पिऊन फुगतं, तारांवरचा ताण वाढतो आणि सूर चढतो, मधल्या सप्तकांत जास्त. दोन पियानो सारखे चढत नाहीत. एकाचा मधला ए ४४० हर्ट्झवर आणि दुसऱ्याचा ४४२ वर असला की तोच सूर दोघांवर वाजवताना सेकंदाला दोन लहरी ऐकू येतात, तानपुरा लावताना येतात तशा. दोन्ही पियानो एकाच दिवशी, एकाच ट्यूनरकडून लावून घ्या, तेही मंचावर नेऊन, एसी आणि दिवे कार्यक्रमाला असतील तसे चालू ठेवून, काही तास गेल्यावर.

पहिली तालीम

पाच मिनिटांची रचना घेऊन जा, जास्त नको. वादकांना आधी मेट्रोनोमवर, अर्ध्या लयीत वाजवू द्या. तुम्ही वादकांजवळ बसू नका. मागच्या भिंतीशी जा, पाठ फिरवून उभे राहा आणि ऐका. जिथे दोन पियानोंचा एक झाला, तिथे स्कोअरवर पेन्सिलीने गोल करा. तालीम संपायच्या आत एक गोष्ट वादकांना विनंती करून करून घ्या: गोल केलेल्या प्रत्येक जागी एका पियानोने गप्प बसायचं आणि दुसऱ्याने एकट्याने वाजवायचं. मग उलट. माझ्या त्या पहिल्या रचनेत असे अकरा गोल होते. त्यातल्या सात जागी दुसरा पियानो मी त्या रात्री खोडून टाकला, आणि दुसऱ्या दिवशी तो जिथे आला तिथे दोघेही वादक मान वर करून एकमेकांकडे बघायला लागले.